आकाशाचें पाळीपत्रक

आमच्या खुटबावास कालव्याच्या पाण्याची पाळी आली म्हणजे गांवांत दुसरा विषय नसतो. कोणत्या दारावरून पाणी केव्हां सुटावयाचें, तें कोणाच्या शेतांत किती तास वाहावयाचें, आणि रात्रीं दोनची पाळी कोणाच्या वांट्यास आली, हें सारें पाळीपत्रकांत लिहिलेलें असतें. ज्याची पाळी चुकली त्याचा ऊंस पुढच्या आवर्तनापर्यंत तहानलेला राहतो. चुकलेलें पाणी मागें बोलावतां येत नाहीं. तोंपर्यंत तें खालच्या गांवांच्या वाटेस लागलेलें असतें.

आज आम्ही वाचकांस जी हकीकत सांगणार आहों ती अशाच एका पाळीपत्रकाची आहे. मात्र तें पाण्याचें नसून आकाशाचें आहे. आमच्या धाकट्या बंधूंचा मुलगा पदार्थविज्ञानाचा संशोधक विद्यार्थी होता. त्याच्यामुळें हा विषय आमच्या घरांत आला, आणि एके दिवशीं सर्व घराला त्यानें बोलतें केलें. विषय कठीण वाटेल. परंतु ज्या घरांत पंचांग नित्य उघडलें जातें त्या घरास तो परका वाटूं नये अशी आमची समजूत आहे.

आपल्या डोक्यावर सुमारें साठ किलोमीटरपासून कित्येक शें किलोमीटरपर्यंतची हवा अत्यंत विरळ असते. सूर्याच्या तीव्र किरणांनीं तेथील अणूंतून इलेक्ट्रॉन सुटे होतात. या विद्युन्मय प्रदेशास शास्त्रज्ञ आयनांबर म्हणतात. त्याचे थर आहेत. सर्वांत खालीं डी, त्यावर शंभर-एकशें दहा किलोमीटरच्या सुमारास ई, आणि त्याच्याही वर एफ. लघुलहरींवर दूरदेशची नभोवाणी आपणांस ऐकूं येते ती या थरांच्या कृपेनें. तिच्या लहरी वर जाऊन तेथून परततात आणि पृथ्वीच्या गोलाईस वळसा घालून आपल्या घरीं येतात. उलटपक्षीं, उपग्रहांकडून आपणांस जे संदेश येतात त्यांना याच थरांतून खालीं उतरावें लागतें. थर अस्वस्थ असले तर ते संदेश वाटेंत डळमळतात. आमच्याच जिल्ह्यांत जुन्नर तालुक्यांतील खोडद येथें पंचेचाळीस मीटर व्यासाच्या तीस अँटेनांची प्रचंड रेडिओ-दुर्बीण आहे. तिला दूरच्या तारकाविश्वांचे क्षीण संदेश टिपावयाचे असतात. तेही याच चाळणींतून गाळून येतात. तेव्हां ही चाळणी आज कशी आहे हें कोणी तरी रोज पाहणें अवश्य आहे.

तें पाहण्याची युक्ति मोठी सुबोध आहे. विहिरींत हांक मारावी आणि प्रतिध्वनि किती वेळानें आला त्यावरून पाणी किती खोल तें ताडावें, तसें हें आहे. जमिनीवरून रेडिओ-लहरींचा एक क्षणिक ठोका सरळ वर सोडतात. रेडिओ-लहर एका सेकंदांत तीन लक्ष किलोमीटर जाते. म्हणून ठोका तीनशें किलोमीटर उंचीवरून परतला तर त्यास एका सेकंदाचे केवळ दोन सहस्रांश लागतात. हाच प्रयोग एक मेगाहर्ट्झपासून वीस मेगाहर्ट्झपर्यंत कंपनसंख्या पायरीपायरीनें वाढवीत करितात. कंपनसंख्या जितकी मोठी तितकी लहर परतविण्यास इलेक्ट्रॉनांची दाटी अधिक लागते. एका मर्यादेपलीकडे लहर परततच नाहीं, थर भेदून निघून जाते. ही सीमान्त कंपनसंख्या समजली कीं थराच्या सर्वांत दाट भागांत किती इलेक्ट्रॉन आहेत तें गणितानें निघतें. ती दहा मेगाहर्ट्झ असेल तर एका घनमीटरांत सुमारें एकावर बारा शून्यें इतके इलेक्ट्रॉन असतात. सर्व ठोक्यांचा मिळून जो आलेख उमटतो त्यास आयनोग्राम म्हणतात.

लहरी परतविणारा असा थर खरोखरच आहे हें इंग्लंडांत ॲपलटन व बार्नेट यांनीं १९२४ सालच्या डिसेंबरांत दाखविलें. पुढें १९४७ सालीं ॲपलटन यांस नोबेल पारितोषिक मिळालें. ठोके सोडून उंची मोजण्याची रीति अमेरिकेंत ब्राइट व ट्यूव्ह यांनीं काढली. आपल्याकडे कलकत्त्यास शिशिरकुमार मित्र यांनीं या विषयाचें संशोधन उभें केलें, आणि वरच्या वातावरणावरील त्यांचा १९४७ सालचा ग्रंथ जगभर प्रमाण मानला गेला. मुंबई, दिल्ली, मद्रास येथें त्याच दशकांत आकाशवाणीच्या संशोधन विभागानें हीं मापनें चालविलीं होतीं. तीं हातानें करावयाचीं होतीं. कंपनसंख्येची कळ फिरवीत एक मापन पुरें होण्यास सुमारें पांच मिनिटें लागत. हातानें चालणाऱ्या यंत्रापाशीं माणूस बसावा लागतो, आणि माणसास झोप असते, सणवार असतात, ताप येतो. आकाशास यांपैकीं कांहींच नसतें. म्हणून हें काम यंत्राकडे सोंपविणें ओघानेंच आलें.

आतां यंत्राकडे काम सोंपविणें म्हणजे काय, तें आमच्या शेतकऱ्यांस शिकविण्याची गरज नाहीं. शेतीच्या पंपाची वीज केव्हां येईल याचा भरंवसा नसल्यामुळें येथील बहुतेकांनीं मोटरीस ऑटो बसविले आहेत. वीज आली कीं मोटर आपोआप सुरू होते; धन्यास अंधारांत उठून विहिरीवर जावें लागत नाहीं. पण ऑटोस एवढेंच समजतें कीं वीज आली. विहिरींत पाणी आहे कीं नाहीं तें त्यास समजत नाहीं. कोरड्या विहिरीवर रात्रभर फिरून जळालेल्या मोटरी आम्हीं पाहिल्या आहेत. यंत्र सांगितलें तेवढेंच करतें. म्हणून सांगणाऱ्यानें नीट सांगावें लागतें, आणि सर्व विद्या त्या सांगण्यांत आहे.

पुतण्यानें आम्हांस समजाविलें तें असें. अशा यंत्राच्या संगणकांत तीन गोष्टी वेगवेगळ्या लिहून ठेवाव्या लागतात. पहिली, एक मापन कसें करावयाचें. म्हणजे कोणत्या कंपनसंख्येपासून कोणत्या कंपनसंख्येपर्यंत, किती किती अंतरानें, आणि प्रत्येक पायरीवर किती ठोके. दुसरी, तासाच्या कोणत्या मिनिटास व सेकंदास कोणतें मापन सुरू करावयाचें त्याचें पत्रक. आणि तिसरी, कोणत्या दिवशीं कोणतें पत्रक लागू असावें त्याचा नियम. हें ऐकतांच आम्हीं त्यास म्हटलें, "अरे, हा तर प्रयोग, वेळापत्रक आणि पंचांग!" तो हंसून म्हणाला, "काका, अगदीं तसेंच."

यांत हिशेब चुकवून चालत नाहीं. एक ते वीस मेगाहर्ट्झ हें अंतर पन्नास किलोहर्ट्झच्या पायऱ्यांनीं चढावयाचें तर तीनशें ऐंशी पायऱ्या होतात. प्रत्येक पायरीस पाव सेकंद धरिला तर एका मापनास पंचाण्णव सेकंद लागतात. मग तें दर मिनिटास सुरू करा असें पत्रकांत लिहून कसें चालेल? पहिलें संपण्यापूर्वीं दुसऱ्याची वेळ येईल. दाट वेळा हव्या असतील तर पायऱ्या मोठ्या कराव्या लागतात, आणि बारीक पायऱ्या हव्या असतील तर वेळा विरळ कराव्या लागतात. शिवाय कांहीं कंपनसंख्या इतरांच्या संदेशांसाठीं राखलेल्या असतात. त्यांवर आपले ठोके सोडावयाचे नाहींत. आणि दोन केंद्रांनीं एकाच क्षणीं एकाच कंपनसंख्येवर ठोका सोडला तर एकाचा आवाज दुसऱ्याच्या कानीं पडतो. म्हणून उपग्रहाच्या घड्याळाशीं सर्वांचीं घड्याळें मिळवून, आपआपला सेकंद वांटून घ्यावा लागतो.

आमचें शिक्षण मॅट्रिकपर्यंतचें आणि पुढें संस्कृताचें. त्यामुळें हें सर्व ऐकतांना आमच्या मनांत निराळीच वर्गवारी उभी राहिली. आपल्या शास्त्रकारांनीं कर्माचे तीन प्रकार सांगितले आहेत : नित्य, नैमित्तिक व काम्य. संध्या हें नित्य, ग्रहणाचें स्नान हें नैमित्तिक, आणि कांहीं इच्छा धरून केलेलें अनुष्ठान तें काम्य. आकाशाच्या या पाळीपत्रकांत तिन्ही आहेत. ठराविक अंतरानें वर्षभर होणारें मापन तें नित्य. पंधरा मिनिटांचें अंतर ठेवलें तर दिवसाचीं शहाण्णव आणि वर्षाचीं पस्तीस हजार चाळीस मापनें होतात. ग्रहण किंवा चुंबकीय वादळ आलें म्हणजे दाट मापनें करावयाचीं तें नैमित्तिक. आणि एखाद्या संशोधकानें आपल्या विशिष्ट प्रश्नाकरितां चार दिवस मागून घेतले तें काम्य.

१ जुलै १९५७ पासून ३१ डिसेंबर १९५८ पर्यंत साऱ्या जगानें आंतरराष्ट्रीय भूभौतिक वर्ष पाळलें. त्या वेळीं आयनांबराचें नित्य मापन सर्व केंद्रांनीं तासाच्या शून्य, पंधरा, तीस व पंचेचाळीस या मिनिटांस करावें असें ठरलें. कोणत्या दिवशीं सर्वांनीं मिळून अधिक लक्ष ठेवावयाचें त्याची दिनदर्शिकाही निघाली, आणि तशी दिनदर्शिका आजही दर वर्षीं निघते. तींत प्रत्येक महिन्याचे लागोपाठचे मंगळवार, बुधवार व गुरुवार हे तीन दिवस जागतिक निरीक्षणाचे म्हणून नेमलेले असतात. निरनिराळ्या देशांचे, निरनिराळ्या धर्मांचे लोक एका पंचांगाप्रमाणें आकाशाकडे पाहतात, ही कल्पना आम्हांस फार रम्य वाटते.

नित्याचें अंतर किती असावें हेंही आकाशच ठरवितें. तमिळनाडूंतील तिरुनेलवेली चुंबकीय विषुववृत्ताच्या अगदीं जवळ आहे. भारतीय भूचुंबकत्व संस्थेचें आयनांबर-मापन तेथें व प्रयागराज येथें चालतें. विषुववृत्ताजवळ सूर्यास्ताच्या सुमारास एफ थर एकाएकीं वर उचलला जातो. सेकंदास तीस मीटर या वेगानें तो चढला तर पंधरा मिनिटांत सत्तावीस किलोमीटर वर जातो. दोन मापनांच्या मध्यें काय घडलें तें कळतच नाहीं. पांच मिनिटांचें अंतर ठेवलें तर नऊच किलोमीटर सुटतात. त्यानंतर कित्येकदां थर फाटल्यासारखा विस्कळित होतो, आणि आलेखाची स्वच्छ रेघ पसरट होऊन जाते. दिवस आणि रात्र यांच्या संधीस आपण संध्या म्हणतों व त्या वेळीं सावध असावें असें मानतों. आयनांबराच्या अभ्यासकासही त्याच वेळीं सर्वांत सावध असावें लागतें हें पाहून आम्हांस कौतुक वाटलें.

आतां जी गोष्ट आम्हांस मुख्यतः सांगावयाची आहे तिच्याकडे वळतों.

२६ डिसेंबर १९ सालीं, म्हणजे २०१९ च्या अखेरीस, दक्षिण भारतांतून कंकणाकृति सूर्यग्रहण दिसलें. आमच्या खुटबावास तें खंडग्रास होतें. पुतण्या तेव्हां दक्षिणेंतील एका केंद्रावरील यंत्राच्या कामांत होता. त्या केंद्राचें नांव येथें सांगण्याचें कारण नाहीं. ग्रहणाकरितां पांच-पांच मिनिटांचें विशेष पत्रक त्यानें आठ दिवस आधीं तयार करून ठेविलें होतें. ग्रहणाचा स्पर्श तिकडे सकाळीं आठनंतर लगेच, मध्य साडेनवाच्या सुमारास आणि मोक्ष सव्वाअकराच्या आंत. नाताळच्या सुटीमुळें तो त्या दिवशीं घरींच होता. आमच्या अंगणांत मुलें काळ्या भिंगाचे चष्मे लावून उभीं होतीं, माजघरांत वहिनी ग्रहण सुटल्यावर स्वयंपाकास लागण्याची तयारी करीत होत्या, आणि हा ओटीवर बसून आपल्या संगणकावर दूरचें यंत्र पाहत होता.

साडेआठ वाजले तरी पंधरा मिनिटांचेंच मापन चालू असल्याचें त्याच्या लक्षांत आलें. त्याचा चेहरा उतरला. अशीं यंत्रें स्थानिक वेळेवर चालत नाहींत. जगांतील सर्व केंद्रांच्या नोंदी एकमेकींशीं जुळाव्या म्हणून तीं जागतिक वेळेवर चालतात. जागतिक वेळ आपल्या घड्याळाच्या साडेपांच तास मागें असते. त्यानें विशेष पत्रकाचा आरंभ 'आठ' असा लिहिला होता. यंत्रानें तो जागतिक आठ मानला. म्हणजे आपले दुपारचे दीड. ग्रहण सुटून सारा गांव जेवून उठल्यावर यंत्र ग्रहणाची दाट मापनें करूं लागणार होतें! दुरूनच पत्रक बदलण्याचा त्यानें यत्न केला. परंतु त्या दिवशीं तिकडील जोडणी इतकी मंद होती कीं तें साधलें नाहीं, आणि केंद्रावर सुटीमुळें जाणतें माणूस नव्हतें.

त्या दिवशीं तो जेवला नाहीं. पण संध्याकाळीं त्याला एक गोष्ट उमगली. विशेष पत्रक लागलें नाहीं म्हणून नित्याचें पत्रक चालूच राहिलें होतें. सकाळीं आठ ते सव्वाअकरा या काळांत पंधरा मिनिटांच्या अंतरानें चौदा आयनोग्राम मिळाले होते. चाळीस मिळावयाचे ते चौदा मिळाले. परंतु सूर्य झांकला जातांना थराची सीमान्त कंपनसंख्या कशी उतरली आणि मागाहून कशी सांवरली हें त्या चौदांतही दिसत होतें. आम्हीं त्यास म्हटलें, "बाळ, नित्यानें नैमित्तिकाची लाज राखली."

त्याच रात्रीं त्याच्यापुढें दुसरा प्रश्न उभा राहिला. अहवालांत काय लिहावें? 'ग्रहणकाळीं पंधरा मिनिटांचीं मापनें केलीं' एवढेंच लिहिलें तर तें खोटें नव्हतें. विशेष पत्रकाची गोष्ट कोणास ठाऊक नव्हती. त्यानें आम्हांस विचारलें, "काका, चूक लिहिली तर पुढें माझ्या हातीं यंत्र देतील का?"

याचें उत्तर आम्हीं उपदेश करून दिलें नाहीं. आमची स्वतःची एक गोष्ट त्यास सांगितली, ती यापूर्वीं घरांत कोणास सांगितली नव्हती. आम्ही शिक्षक असतांना एका शाळेच्या आवारांत पर्जन्यमापक होता आणि त्याची नोंद आमच्याकडे होती. रोज सकाळीं साडेआठ वाजतां पाणी मोजावयाचें व वहींत लिहावयाचें. एका वर्षीं आश्विनांत आम्ही लग्नकार्यास परगांवीं गेलों असतां रात्रीं मोठा पाऊस झाला. दोन दिवसांनीं परत येऊन पाहतों तों मापकांत दोन दिवसांचें पाणी एकत्र झालेलें. तारखेचा रकाना मोकळा दिसूं नये म्हणून आम्हीं मनानेंच त्या पाण्याची वांटणी केली आणि दोन आंकडे लिहून टाकले. अक्षर नेहमींप्रमाणेंच सुरेख होतें.

पुढल्या वर्षीं एक शेतकरी आमच्याकडे आला. त्या रात्रींच्या पावसानें त्याचें पीक वाहून गेलें होतें आणि अर्जास जोडण्यासाठीं त्याला त्या तारखेचा आंकडा हवा होता. वही उघडून आम्ही त्या आंकड्याकडे पाहत बसलों. तो आंकडा पावसाचा नव्हता, आमचा होता. तो द्यावा तर आम्ही खोटे. न द्यावा तर तो बुडतो. अखेर आम्हीं त्याच्यादेखत दोन्ही आंकडे खोडून 'नोंद घेतली नाहीं' असें लिहिलें व खालीं सही केली. त्याच्या अर्जास आमच्या वहीचा आधार मिळाला नाहीं. तो कांहीं बोलला नाहीं. नमस्कार करून गेला. त्याचा तो नमस्कार आम्हांस आजही टोंचतो.

हें ऐकून पुतण्या बराच वेळ गप्प होता. मग त्यानें आपल्या शास्त्रांतील एक चाल आम्हांस सांगितली. आयनोग्राम वाचून आंकड्यांचें कोष्टक करतांना जेथें आंकडा मिळत नाहीं तेथें रकाना नुसता मोकळा सोडीत नाहींत. कां मिळाला नाहीं त्याचें अक्षर लिहितात. खालच्या थरानें वरचा थर झांकला असेल तर 'ए'. लहरी वाटेंत शोषल्या गेल्या असतील तर 'बी'. इतर केंद्रांच्या आवाजाचा व्यत्यय असेल तर 'एस'. थर विस्कळित असेल तर 'एफ'. आणि आकाशाचा कांहीं दोष नसून यंत्र बंद पडलें अथवा माणूस चुकला असेल तर 'सी'. जगांतील सर्व केंद्रें हीं अक्षरें वापरतात. चुकीला प्रतिष्ठित जागा देणारी ही रीति आम्हांस आधीं माहीत असती तर आमच्या वहींत एक 'सी' असता आणि मनांत सल नसता.

पुतण्यानें अहवालांत सर्व जसें घडलें तसें लिहिलें : विशेष पत्रकाचा आरंभ स्थानिक वेळेनें लिहिला गेला, म्हणून दाट मापनें झालीं नाहींत, नित्याचीं चौदा उपलब्ध आहेत. त्याच्या मार्गदर्शकांनीं त्यास बोल लाविला तो लाविलाच. पण पुढें त्याच केंद्रावर एक नियम झाला : कोणतेंही विशेष पत्रक लावावयाचें तर एकानें लिहावें व दुसऱ्यानें वाचून पाहावें, आदल्या दिवशीं दोन मिनिटें चालवून पाहावें, आणि वेळ दोन्ही प्रकारांनीं लिहावी. हा नियम लिहिण्याचें काम त्याच्याकडेच आलें.

या गोष्टीची मुळें आपल्या महाराष्ट्रांत फार खोल आहेत. मुंबईस कुलाब्याच्या वेधशाळेंत गेल्या शतकाच्याही मागील शतकांत पृथ्वीच्या चुंबकत्वाचे वेध डोळ्यांनीं व हातानें, दर तासास, रात्रंदिवस घेतले जात. १ सप्टेंबर १८५९ रोजीं इंग्लंडांत कॅरिंग्टन यांनीं सूर्यावर एक विलक्षण लखलखाट पाहिला. दुसऱ्या दिवशीं कुलाब्याची सुई भयंकर ढळली. तेथील निरीक्षकांनीं तासाची वाट न पाहतां कमी अंतरानें वेध घेतले. पृथ्वीचें आडवें चुंबकीय बल सुमारें सोळाशें नॅनोटेस्लांनीं उतरल्याचें त्या वह्यांत नोंदलेलें आहे. जवळ जवळ दीडशें वर्षांनीं, २००३ सालीं, संशोधकांनीं त्या नोंदी काढून त्या वादळाचें बळ ठरविलें. नित्य सोडलें नाहीं आणि निमित्त आलें तेव्हां पाळी दाट केली, एवढेंच त्या निरीक्षकांनीं केलें. पण आज सारें जग त्या वह्यांकडे पाहतें. मुंबईच्या ट्रामगाड्या विजेवर चालावयाच्या ठरल्या तेव्हां विजेच्या व्यत्ययापासून दूर जाण्यासाठीं हें काम १९०४ सालीं अलिबागेस नेलें. तें करतांना संचालक मूस यांनीं दोन्ही ठिकाणचे वेध १९०६ पर्यंत बरोबरीनें चालविले, म्हणजे नोंदींची सांखळी तुटूं नये. कोल्हापुरास शिवाजी विद्यापीठाच्या आवारांत १९९९ पासून रडार बसविलें, तेंही याच परंपरेंतलें. तें आयनांबराच्या खालच्या थरांतील वारे १.९८ मेगाहर्ट्झवर पाहण्यासाठीं आहे.

मे २०२४ मध्यें दोन दशकांतील सर्वांत मोठें चुंबकीय वादळ आलें आणि लडाखमधील हानले येथून आकाशांत तांबूस प्रभा दिसली, तेव्हां पुतण्याचा आम्हांस रात्रीं दूरध्वनि आला. आम्हीं विचारलें, "पत्रक लागलें का?" तो म्हणाला, "लागलें, काका. दुसऱ्यानें वाचून पाहिलें आहे."

त्यानें सांगितलेली आणखी एक गोष्ट आम्ही विसरूं शकत नाहीं. जागतिक वेळेप्रमाणें यंत्राची तारीख आपल्याकडे पहांटे साडेपांचास बदलते, मध्यरात्रीं नव्हे. पंचांगांतील वारही सूर्योदयास बदलतो. वर्षाच्या बऱ्याच दिवसांत या दोहोंमध्यें फार अंतर नसतें. आम्हांस पहांटे उठण्याची जुनी संवय आहे. साडेपांचाच्या सुमारास तोंड धुऊन आम्ही ओटीवर येतों तेव्हां पुण्या-दौंडाच्या लोहमार्गावरून एखादी गाडी जात असते, कोठें तरी ऑटोवर मोटर सुरू होते, आणि दूर दक्षिणेंत एक यंत्र नव्या तारखेचा पहिला ठोका वर सोडीत असतें. त्या वेळीं आम्ही आमची लहानशी वही उघडतों. पर्जन्यमापक आतां आमच्या अंगणांत आहे. साडेआठास पाणी मोजतों, आणि ज्या दिवशीं मोजतां आलें नाहीं त्या दिवशीं रकान्यांत एकच अक्षर लिहितों. नातवंडें तें अक्षर काय म्हणून विचारतात. आम्ही त्यांस सांगतों कीं त्या दिवशीं आकाशाचें कांहीं चुकलें नाहीं, आजोबांचें चुकलें.